आईने कुठे राहायचं? आधी तिचे चोवीस तास कागदावर मांडा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. आई ८१ वर्षांच्या, सांगलीत गावभागातल्या जुन्या घरात एकट्या राहायच्या, दीड महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून थोडं चालतात पण ऑपरेशनपासून विसरायला लागल्यात, एकदा गॅस चालू राहिला. तुम्ही कोथरूडला टू बीएचकेमध्ये, मुलगा बारावीला, सध्या रजा टाकून सांगलीत. भाऊ टोरांटोला, तो म्हणतो घर विकू आणि पुण्यात सीनियर लिव्हिंगमध्ये सत्तर लाखाचा फ्लॅट घेऊ. मावशी म्हणतात आश्रमात टाकलंस तर तोंड बघणार नाही. आणि आई म्हणतात मला माझ्या घरात राहू द्या. यातलं बरोबर कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

मी मेडिकल सोशल वर्कर आहे, २३ वर्षं झाली, पहिली बरीच वर्षं हॉस्पिटलच्या ऑर्थो आणि मेडिसिन वॉर्डात काढली आणि आता म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन नेमकं हेच काम करते, कुठे राहायचं, कोणी बघायचं, पैसे कसे पुरवायचे. त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे, सवडीने वाचा.

पहिलं म्हणजे आत्ता कायमचं काहीही ठरवू नका. घर विकणं तर अजिबात नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर चालण्यात जी काय सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, आणि तुम्ही दीड महिन्यावर उभं राहून पुढच्या दहा वर्षांचा निर्णय घेताय. विसरण्याचंही तसंच. या वयात भूल, दुखणं, हॉस्पिटलची अनोळखी खोली, झोप नाही, यातून डोकं गोंधळतं, त्याला डिलिरियम म्हणतात, आणि ते कधी कधी कित्येक आठवडे रेंगाळतं. ते म्हणजे डिमेन्शिया, म्हणजे वाढत जाणारा विसरण्याचा आजार, असं लगेच धरून चालू नका. बी-१२, थायरॉईड, सोडियम आणि लघवीची तपासणी करून घ्या, आपल्याकडे शाकाहारी म्हाताऱ्या माणसांत बी-१२ कमी असणं फार सापडतं, आणि डिस्चार्जच्या वेळी झोपेची गोळी लिहून दिली असेल तर ती अजून चालू ठेवायची का ते डॉक्टरांना विचारा. ऐकू कमी येत असेल तर ते पण बघा, कधी कधी माणूस विसरलेलं नसतं, त्याला मुळात ऐकूच आलेलं नसतं. स्मरणशक्तीची टेस्ट तीन महिने झाल्यावर करा. आणि हो, ऑर्थोच्या डॉक्टरांना हाडं ठिसूळ झाल्याच्या औषधाबद्दल स्वतःहून विचारा, हाड बसवलं की ती गोष्ट बऱ्याचदा राहून जाते आणि मग दुसरा खुबा मोडतो.

म्हणजे आत्ता तुम्हाला शोधायचीय ती तीन महिन्यांची सोय. पण ती शोधायच्या आधी एक काम करा, मी प्रत्येक घरात हेच करायला लावते. शाळेच्या वहीचा एक ताव घ्या, डावीकडे सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत एकेक तास लिहा, आणि पुढे तीन दिवस फक्त नोंद करा की त्या तासात आईंना काय लागलं आणि ते कोणी केलं. उठून बसताना हात द्यावा लागला का, संडासला स्वतः बसल्या का, धुता आलं का, कपडे कोणी घातले, घास स्वतः घेतला का, लघवी कळली का आधीच झाली, गोळ्या कोणी काढून दिल्या, रात्री किती वेळा उठल्या. अंघोळ, कपडे, संडास, बिछान्यातून उठणं, लघवी-शी वर ताबा आणि जेवण या सहा गोष्टी आम्ही बघतोच. पण त्या नुसत्या होय-नाही करून कळत नाही, कधी लागतात ते कळलं पाहिजे.

कारण बहुतेक घरांत निर्णय रात्रीवर येऊन थांबतो. दिवसा मदत मिळते हो, शेजारी असतात, कामवाली असते, डबा येतो. पण रात्री दोनला संडासला जायचंय आणि उठवायला कोण, हा प्रश्न ज्या घरात सुटतो तिथे म्हातारं माणूस घरी राहू शकतं, आणि जिथे सुटत नाही तिथे बंगला असला तरी नाही राहू शकत. मागे एका घरी गेले होते, साताऱ्याकडचे आजोबा, मुलगा मला सांगत होता बाबांचं सगळं उत्तम आहे, फक्त हट्टी झालेत, पाणी पीत नाहीत. तीन दिवसांचा कागद भरल्यावर दिसलं की ते संध्याकाळी पाचनंतर पाण्याला शिवतच नव्हते, कारण रात्री लघवीला उठलं तर सुनेला हाक मारावी लागते आणि त्यांना ते नको होतं. पलंगाजवळ युरिनल आणि कमोड चेअर आली, आठवड्यात पाणी प्यायला लागले, गोंधळणं पण बरंच कमी झालं. त्या घरात तेव्हा वृद्धाश्रमांचे फॉर्म आणून ठेवलेले होते.

आता एकेक पर्याय सांगते, माझं मत पण सांगते.

सांगलीचं घर. आईंचं म्हणणं मी तरी उडवून लावणार नाही. ओळखीची गल्ली, ओळखीचा दूधवाला, देवळातल्या बायका, हे सगळं औषधासारखं काम करतं, विशेषतः डोकं थोडं गोंधळलेलं असताना. आणि मिरज हाकेच्या अंतरावर आहे, मिशन हॉस्पिटलच्या काळापासून तिकडे डॉक्टरांची कमी नाही, पुण्यापेक्षा मदतनीस बाई पण स्वस्तात मिळते. पण ते घर आज आहे तसं चालणार नाही. तुम्ही लिहिलंय की संडास मागच्या अंगणात आणि भारतीय पद्धतीचा, न्हाणीघराला वीतभर उंबरा आणि खाली शहाबादी फरशी. खुब्याच्या ऑपरेशननंतर उकिडवं बसायचं नाही हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल. म्हणजे आत, झोपायच्या खोलीजवळ, कमोड पाहिजे, उंच सीटचा. भिंतीत ड्रिल करून बसवलेले स्टीलचे दांडे पाहिजेत, रबराच्या चकतीने चिकटवायचे मिळतात ते घेऊ नका, ते नेमके जोर दिल्यावर सुटतात. अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल नको, पायाला रबर असलेली पाठीची खुर्ची घ्या. पलंग इतकाच उंच की कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत. पलंगापासून कमोडपर्यंत रात्रभर एक बारीक दिवा. आणि पायपुसणी सगळी उचलून टाका, गोधडीची हौसेने केलेली असली तरी.

अजून एक, गावभाग म्हणालात म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ ला कृष्णेचं पाणी तिकडे घराघरात शिरलं होतं. चालतं माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडतं, वॉकरवालं माणूस बोटीत कसं चढवणार? त्यामुळे सांगली ठरलीच तर पावसाळ्याचे दोन महिने पुण्याला, हे आत्ताच धरून चाला, पाणी वाढायला लागल्यावर फोनाफोनी करू नका.

घरी बाई ठेवणं, मग ते सांगलीत असो की तुमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये. इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज चोवीस तासांच्या बाईबद्दल असतो. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी असलेली बाई नव्हे. तिलाही सात-आठ तास झोप लागते, दोन वेळचं नीट जेवण लागतं, आठवड्याची सुट्टी लागते, अंग टाकायला स्वतःचा कोपरा लागतो. आई रात्री एकदाच उठत असतील तर एका बाईत भागतं. चार-पाच वेळा उठत असतील तर दुसऱ्या आठवड्यात ती बाई निघून जाते आणि तुम्ही म्हणता मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोच्या बायका टिकत नाहीत. तेव्हा दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन लागतात आणि खर्च जवळजवळ दुप्पट होतो. पुण्यात आत्ता ब्युरोतून चोवीस तासांची बाई साधारण पंचवीस ते पस्तीस हजारात पडते, तिचं जेवण वेगळं. ब्युरोला विचारा की बाई अचानक गेली तर किती तासांत दुसरी देणार, आणि ते लिहून घ्या. आधार कार्डाची कॉपी, पोलीस व्हेरिफिकेशन हे करायचंच, त्यात संशय घेणं वगैरे काही नाही. पहिले चार दिवस स्वतः घरी थांबा, ती आईंना उठवताना दंडाला धरून ओढते की कमरेला आधार देते ते बघा. दंडाला धरून ओढत असेल तर रागावू नका, फिजिओथेरपिस्टला बोलावून तिला अर्धा तास शिकवा, शिकवलं की बायका फार छान करतात, त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं.

तुमच्या फ्लॅटचं म्हणाल तर तुम्ही स्वतःचे पण चोवीस तास त्याच कागदाच्या उजव्या बाजूला लिहा. नोकरी, मुलाची बारावी, नवऱ्याची शिफ्ट. दुसऱ्या बेडरूममध्ये मुलगा अभ्यास करतो की तिथे आई झोपणार आणि बाई कुठे झोपणार, हे आधी मोकळेपणी बोला, आई आल्यावर त्यांच्यासमोर नको. लेकीने आईला सांभाळायचं तर ते नवऱ्याच्या मूक संमतीवर ढकलू नये असं मला वाटतं, त्यांना सरळ विचारा.

आता सीनियर लिव्हिंग. यात दोन प्रकार आहेत आणि ब्रोशरमध्ये ते मुद्दाम एकमेकांत मिसळलेले असतात. एक म्हणजे स्वतंत्र फ्लॅट, खाली डायनिंग हॉल, साफसफाई, डॉक्टर ठराविक वेळेला, आणि भिंतीवर इमर्जन्सीचं बटण. पुण्यात अथश्रीसारखे प्रकल्प वीसेक वर्षांपासून आहेत आणि चालत्याफिरत्या, स्वतःचं स्वतः करणाऱ्या माणसांना तिथे खरंच बरं वाटतं, सोबत मिळते, नाटकं, भजनं, ब्रिज सगळं असतं. पण तिथे तुमचं अंग धुवायला कोणी येत नाही, बाई लागली तर ती तुम्हीच आणायची. दुसरा प्रकार असिस्टेड लिव्हिंग किंवा केअर सेंटर, तिथे खोली किंवा बेड असतो आणि अंघोळीपासून गोळीपर्यंत सगळं स्टाफ करतो, नर्स असते. आईंना आज जे लागतंय ते दुसऱ्या प्रकारचं आहे आणि भाऊ पहिल्या प्रकारात पैसे घालायला निघालाय. ८१ व्या वर्षी, वॉकरवर, विसरत असताना, नव्या इमारतीत एकटीने फ्लॅट, माझं मत स्पष्ट आहे की नको. नवी जागा शिकायला जी स्मरणशक्ती लागते तीच आत्ता कमी पडतेय.

शिवाय पैशाचं गणित करा. सत्तर लाख अडकवण्याऐवजी ते सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ४ लाख ९० हजार म्हणजे महिन्याला चाळीस हजारांच्या वर व्याज येतं, आणि मुद्दल तसंच. त्यातले तीस लाख पोस्टाच्या सीनियर सिटिझन योजनेत गेले तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये. पुण्यात बरं केअर सेंटर पस्तीस ते साठ हजारांत मिळतं, साधा वृद्धाश्रम बारा ते पंचवीस हजारांत. म्हणजे फ्लॅट घेतला तर हातात फ्लॅट आहे पण बाईला द्यायला पैसे नाहीत, अशी अवस्था मी चार-पाच घरांत बघितलीय. फ्लॅट विकायला काढला तर घेणाराही बहुतेक ठिकाणी ठराविक वयाच्या वरचाच लागतो, त्यामुळे तो पटकन जात नाही. तरीही कधी घ्यायचा झालाच तर महारेराने, म्हणजे राज्याच्या घरबांधणी प्रकल्पांच्या नियामकाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी नियम काढलेत, व्हीलचेअर जाईल असे ९०० मिलिमीटरचे दरवाजे, लिफ्ट, रॅम्प वगैरे, आणि हे सगळं विक्री करारात लिहिलेलं असावं लागतं, ते करारात शोधा, तोंडी ऐकू नका.

भावाला एक गोष्ट नक्की सांगा. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचं कव्हर २०२४ पासून आहे, उत्पन्नाची अट नाही, आईंचं काढलं नसेल तर काढून ठेवा. पण ते हॉस्पिटलमध्ये अॅडमिट झाल्यावरचं आहे. घरची बाई, डायपर, केअर सेंटरची फी यातलं काहीही ते देत नाही, आणि खाजगी मेडिक्लेमही सहसा देत नाही. हा रोजचा खर्च कुटुंबाच्याच खिशातून जातो आणि तो दहा वर्षं जाऊ शकतो असं धरूनच आकडा काढा, दरवर्षी फी वाढणार हे पण त्यात धरा.

वृद्धाश्रम किंवा केअर सेंटर बघायला जाल तेव्हा कसं बघायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण इथेच लोक फसतात. सकाळी अकराला फोन करून गेलात तर सगळीकडे फिनेलचा वास आणि धुतलेल्या चादरी दिसतात. पहिल्यांदा तसं जा, पण दुसऱ्यांदा संध्याकाळी सात-साडेसातला जा, न सांगता. मी एकदा अशीच गेले होते, नाव लिहीत नाही. जेवणं सहाला उरकलेली, दिवे घालवलेले, सगळे झोपवलेले. एका आजींच्या पलंगाशी बेल होती, चांगली लाल बटणाची, पण तिची वायर गुंडाळून पलंगाच्या डोक्याकडच्या दांड्याला रबरबँडने बांधून ठेवलेली, आजींचा हात तिथपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. पाण्याचा पेला होता, भरलेला, झाकण घट्ट लावून, खिडकीत, चार फुटांवर. मी पेला हातात दिला तर आजी न थांबता पूर्ण प्याल्या आणि पुन्हा रिकामा पेला पुढे केला. त्या दिवसापासून मी बाग, सोलर, योगा हॉल काही बघत नाही. आधी बघते बेल हाताशी आहे का आणि पाणी हाताशी आहे का. मग नखं बघते, कापलेली आहेत का. मग टाचा आणि माकडहाड, नातेवाईक असाल तर बघायला हक्काने मागा. लाल डाग दिसला, दाबून पण पांढरा होत नसला, तर ती बेडसोअरची सुरुवात असते, झोपून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते आणि रात्री ती कोणी बदलतं का, तेवढ्या एका गोष्टीवरून रात्रीचा स्टाफ कळतो.

आणि विचारायचं काय तर रात्री किती माणसं ड्युटीवर असतात आणि किती पेशंटांमागे. उद्या आई अंथरुणाला खिळल्या तर ठेवणार का घेऊन जा म्हणणार, कारण बऱ्याच वृद्धाश्रमांचा नियम असतो की फक्त चालताफिरता माणूस, आणि ते फॉर्मच्या मागच्या पानावर असतं. डिमेन्शिया निघाला तर काय. जेवणाची नळी घालावी लागली, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लागली तर काय. अचानक तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार आणि तिथे जवळ कोण बसणार, कारण आपल्याकडे हॉस्पिटल नातेवाइकाशिवाय चालत नाही, रात्री अडीचला औषध आणायला कोणीतरी लागतं. डायपर, फिजिओ, डॉक्टरची व्हिजिट फीमध्ये धरलीय का वरून. डिपॉझिट किती, त्यातलं किती परत, आणि महिन्याच्या मध्ये काही झालं तर हिशोब कसा. भेटायला ठराविक वेळच असेल तर मी सहसा नको म्हणते, जिथे केव्हाही येऊ देतात तिथे लपवायला काही नसतं. आणि एकदा तिथे बसून जेवा, पैसे देऊन, सगळ्यांच्या पंगतीत.

अंतर फार बघा. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका काकांना पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर पाठवायचा सल्ला दिला, हिरवीगार जागा, स्टाफ चांगला. पहिल्या महिन्यात मुलगी दर रविवारी, मग पंधरा दिवसांनी, मग सणावाराला. मुलगी वाईट नव्हती, तिच्या दोन नोकऱ्या होत्या. काका गेटकडे तोंड करून बसायला लागले. तो सल्ला चुकला माझा, अजून टोचतो. तेव्हापासून मी सांगते की घरापासून रिक्षाने वीस मिनिटांत जे आहे त्यातलं सगळ्यात चांगलं निवडा, ऑफिसातून येता येता दहा मिनिटं डोकावता आलं पाहिजे. रोज वेगवेगळ्या वेळी कोणीतरी येतं हे कळलं की स्टाफ पण लक्ष देतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

मावशींच्या 'आश्रमात टाकणं' या शब्दाबद्दल. मला तो शब्द आवडत नाही, पण मावशींवर चिडू नका, त्यांच्या पिढीने खरंच टाकलेली माणसं बघितलीयत. त्यांना विचारा, आठवड्यातून एक दुपार आईंपाशी बसायला याल का? जे बोलतात त्यांना काम दिलं की एक तर मदत मिळते नाहीतर बोलणं थांबतं.

कागदपत्रांचं आता लगेच करा, याला तीन महिने थांबू नका. बँक खातं तुमच्या दोघींच्या नावाने, दोघींपैकी कोणालाही एकटीने चालवता येईल असं करून घ्या. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. लोक म्हणतात पॉवर ऑफ अॅटर्नी करून घ्या म्हणजे झालं. पण आपल्या कायद्यात आईंची बुद्धी शाबूत आहे तोवरच ती चालते, उद्या डिमेन्शिया ठरला तर ती निरुपयोगी, आणि मग पालक म्हणून नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. म्हणून मृत्युपत्र, नॉमिनेशन आणि खात्यांचं सगळं आईंना नीट समजतंय अशा चांगल्या दिवशी, डॉक्टरांचा दाखला घेऊन. ऑपरेशननंतर गोंधळलेल्या असताना सह्या घेऊ नका, पुढे त्या टिकतही नाहीत.

आणि घर. कोणी म्हणालं की माझ्या नावावर बक्षीसपत्र करा, मी सांभाळतो, तर थांबा. मुलांना राहतं घर बक्षीस द्यायला स्टॅम्प ड्युटी नाममात्र आहे म्हणून लोक दोन दिवसांत करून मोकळे होतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये, सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर न सांभाळल्यास परत घेता येतं, अर्ज प्रांत ऑफिसात म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा. पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं की तशी अट होती हे दाखवता आलं पाहिजे, जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या निकालात कोर्ट आईच्या बाजूने उदार राहिलं, तरी तुम्ही कोर्टाच्या उदारपणावर का अवलंबून राहायचं? घर आईंच्याच नावावर राहू द्या. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, कुठे काही गडबड वाटली तर तिथे फोन करता येतो, शेजारच्या माणसालाही करता येतो.

भाऊ लांब आहे म्हणून तो फक्त पैसे पाठवणार असं करू नका. टोरांटोतून औषधं मागवणं, बिलं भरणं, ब्युरोचा हिशोब, डॉक्टरांची अपॉइंटमेंट हे सगळं होतं. संध्याकाळी पाच-सहाला बऱ्याच जणांची घालमेल वाढते, तिकडे तेव्हा सकाळ असते, तो रोज त्याच वेळी व्हिडिओ कॉल करेल का विचारा. आणि वर्षातून तीन आठवडे त्याने इथे यायचं आणि तुम्ही त्या काळात घरात नसायचं. खर्चाची वाटणी ईमेलवर लिहून ठेवा, भांडण नाहीये तोवरच लिहून होतं.

तर मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं. कोथरूडच्या आसपास केअर सेंटरमध्ये सहा ते आठ आठवड्यांची शॉर्ट स्टे घेतली असती, रोज फिजिओसकट, आणि तोवर सांगलीच्या घरात कमोड आणि दांडे बसवून घेतले असते. नंतर तो चोवीस तासांचा कागद परत भरायचा. रात्री स्वतः उठून कमोडवर जाऊन येतायत आणि स्मरणशक्तीची टेस्ट ठीक आली, तर सांगली, राहती बाई ठेवून, पावसाळा पुण्यात. चालतायत पण विसरणं तसंच किंवा वाढलंय, तर एकटं राहणं संपलं, मग तुमच्या जवळ, आणि ते लवकर, जोवर नव्या जागेत बाथरूमचा दरवाजा कुठला हे त्या शिकू शकतात तोवर. उचलूनच न्यावं लागतंय अशी वेळ आली तर केअर सेंटर किंवा घरी दोन माणसं, पैशांकडे आणि तुमच्या पाठीकडे बघून ठरवा.

आईंशी बोलताना 'तुला तिकडे ठेवतोय' असं नको. 'डॉक्टरांनी दोन महिने रोज व्यायाम सांगितलाय, तो नीट होतो तिथे जाऊ, मग परत बसून ठरवू' असं सांगा, आणि ठरवायला खरंच परत बसा. घराची किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. सोबत नेताना त्यांची स्वतःची उशी, रोजचा पाण्याचा तांब्या, हातात बसणारे छोटे देव, आणि घरी जिकडे तोंड करून झोपायच्या तसाच पलंग लावून मागा, रात्री जाग आल्यावर हात त्याच बाजूला भिंत शोधतो. बी-१२ आणि सोडियमचे आकडे आले की आणि तीन दिवसांचा कागद भरला की मला पाठवा, रात्री किती वेळा उठल्या ते आधी लिहा.